वाढत्या अंगाची बॅट

मास्तरांचा डोळा म्हणजे डोळा. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत यायच्या आत त्याची छाती, कंबर आणि मुंढा मास्तरांच्या डोक्यात लिहून झालेला असे. गळ्यात टेप असायची, पण ती नावाला. "या, अडतीस," असं म्हणून ते माणसाला आत घ्यायचे आणि मग टेप लावली की अडतीसच भरायचे. लोक आ वासून बघत. मास्तर मान खाली घालून खडू शोधायचं सोंग करत, पण खडू त्यांच्या कानावरच असे आणि ते गालातल्या गालात हसत असत.

आता अशा माणसाला कुणी काही सांगायला जावं का? एकदा एका वकिलानं कोट घालून बघताना भीत भीत म्हटलं, मुंढ्यात जरा आवळतंय. मास्तरांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, "कोट बरोबर आहे. तुम्ही उभे चुकीचे राहताय." वकील बिचारा मास्तरांनी दाखवलं तसा, छाती पुढे काढून उभा राहायला शिकला. अजूनही तसाच चालतो म्हणे. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात बसून काज-बटण करणारी मास्तरांची बायको हा किस्सा सांगते तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मात्र सांगते ती मास्तर दुकानात नसताना.

मास्तरांना एकच लेक, अकरा वर्षांची. अंगापिंडानं लहानखुरी, म्हणून घरीदारी सगळे तिला बारकीच म्हणत. आणि मुलांच्या कपड्यांबाबत मास्तरांचा एक नियम होता: आजच्या मापानं शिवायचं नाही, वाढत्या अंगाचं शिवायचं. दुसऱ्यांच्या मुलांना ते दोन इंच जास्त ठेवत. स्वतःच्या लेकीला तीन. परिणाम असा, की बारकीनं जन्मात कधी अंगाबरोबर बसलेला कपडा घातला नव्हता. बाह्यांना दोन घड्या, कंबरेला चुण्या, खाली दुमड. कपडा एकदाचा अंगाला बसायला लागे तेव्हा त्याचा रंग गेलेला असे आणि नवा तयार असे, पुन्हा तीन इंच मोठा. बेसबॉलच्या टीमचा शर्टसुद्धा मास्तरांनीच शिवून दिला होता. तो पँटीत खोचला की पाठीवरचा आकडा निम्मा पँटीत जायचा, आणि कितवा नंबर खेळतोय ते पंचांना तिलाच विचारावं लागे.

हो, बेसबॉल. ही लहानखुरी पोर बॅट हातात घेतली की वेगळीच व्हायची. टीमच्या सामाईक बॅटनं ती इतकी छान मारायला लागली, की कोचबाईंनी निरोप धाडला: आता हिला स्वतःची बॅट घ्या. कोचबाई पोस्टात नोकरी करायच्या आणि संध्याकाळी मैदानावर मुलींना शिकवायच्या. निरोपात त्यांनी एक वाक्य जास्तीचं घातलं होतं, "खेळाच्या दुकानातले काका सांगतील तीच घ्या." ते वाक्य मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

खेळाच्या दुकानातला माणूस हडकुळा, हळू बोलणारा. त्यानं बारकीला सरळ उभं केलं, हात बाजूला लांब करायला लावला आणि छातीच्या मध्यापासून बोटांच्या टोकापर्यंत टेप लावली. टेप धरायची त्याची पद्धत बघून मास्तरांना हसूच आलं.

"अठ्ठावीस इंच," दुकानदार म्हणाला.

मास्तरांच्या डोक्यातही अठ्ठावीसच आलं होतं. माणूस अगदीच अडाणी नाही, असं त्यांनी मनात म्हटलं. "बरोबर," ते म्हणाले, "म्हणजे एकतीसची काढा."

"एकतीस नाही, अठ्ठावीस."

"अहो, अठ्ठावीस आजचं झालं. पोर वाढतेय. पुढच्या वर्षी काय करू, जोड लावू?"

दुकानदार हसला. "बॅट वाढत्या अंगाची घेत नाहीत, मास्तर. शर्ट सैल असला तर बाही दुमडता येते. बॅट जड झाली तर चेंडू निघून जातो आणि बॅट मागनं येते. पोराला वाटतं, आपल्यालाच खेळता येत नाही."

दुकानात आणखी माणसं होती. दोन मुलगे घेऊन आलेला एक बाप होता, बूट घालून बघणारी एक बाई होती. आणि चारचौघं दिसले की मास्तरांची जीभ जरा जास्तच चालते, हे मी तुम्हाला सांगायला हवं. "बरोबर आहे तुमचं," ते मोठ्यानं म्हणाले, "दरवर्षी एक नवी बॅट खपली पाहिजे ना! आम्हीही दुकानच चालवतो, काका. आम्हाला काय शिकवता?" दोन मुलग्यांचा बाप खो खो हसला. दुकानदाराचे कान लाल झाले. त्यानं निमूटपणे एकतीस इंची बॅट काढून दिली आणि एवढंच म्हणाला, "निदान बघून तर घ्या. हात आडवा करून एका हातात धरू दे तिला. मी सावकाश तीस आकडे मोजतो. टोक खाली झुकलं तर बॅट जड आहे असं समजायचं."

"तुम्ही कशाला, मी मोजतो," मास्तर म्हणाले.

बारकीनं हात आडवा केला. मास्तरांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आठपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. नवापाशी कोण जाणे काय झालं, मोजणी एकदम पळायला लागली. दहाअकराबारातेरा करत मास्तर तिसावर जाऊन थांबले ते दमच घ्यायला. टोक झुकलं का? पुढे कुणी विचारलं असतं तर मास्तरांनी शपथेवर सांगितलं असतं, की छे, हललंसुद्धा नाही.

"काय गं, जड आहे का?" त्यांनी विचारलं.

बारकीनं आधी वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. "नाही, बाबा," ती म्हणाली.

झालं. बॅट घरी आली. मास्तरांनी कोटाच्या उरलेल्या कापडाची तिला खोळ शिवली, आत अस्तर लावलं, तोंडाला नाडी घातली. इतकी देखणी खोळ आख्ख्या टीममध्ये कुणाच्या बॅटला नव्हती.

आणि त्यानंतर बारकीला चेंडू लागेना. मास्तर दर मॅचला तारेच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहत. चेंडू यायचा, बारकी सगळं अंग पिळून बॅट फिरवायची आणि तोवर चेंडू मागच्या मुलीच्या हातात जाऊन बसलेला असायचा. पहिल्यांदा मास्तरांना वाईट वाटलं. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा ते कुंपणावरून ओरडले, "अगं, चेंडू घरी पोचला! आता काय त्याला टाटा करतेस?" आजूबाजूचे पालक हसले. लोक हसले की मास्तरांना चेव येतो. पुढच्या मॅचला त्यांनी आणखी दोन विनोद तयार करूनच नेले. घरी जेवताना म्हणाले, "हातात काय तेल संपलंय का तुझ्या? मशीनसारखं तेल घालू?" बारकी ताटात बघत म्हणाली, "पुढच्या वेळी लवकर फिरवीन, बाबा." बायकोनं वाढता वाढता भांडं जरा जोरात आपटलं. मास्तरांना वाटलं, हातातून निसटलं असेल.

असे दोन महिने गेले. एका मंगळवारी कोचबाई दोन पँटी घेऊन दुकानात आल्या. लांबी कमी करायची होती. मास्तरांनी खडूनं खुणा केल्या, तरी बाई जाईनात. पायमशीनच्या चाकाकडे बघत उभ्या राहिल्या.

"मास्तर, शनिवारी निवड आहे," त्या म्हणाल्या. "शहराच्या टीमसाठी बारा मुली घेणार आहेत. मोठ्या मैदानावर खेळायला मिळेल, बाहेरगावी जायला मिळेल. बारकीचं त्यात नाव यायलाच हवं. येईलही."

"येईल कसलं!" मास्तर म्हणाले. "बॅटला चेंडू लागेल तेव्हा ना!"

"लागेल. फक्त एक करा. शनिवारी तुम्ही येऊ नका."

मास्तरांच्या हातातला खडू हातातच राहिला. "मी ओरडतो म्हणून?"

"ते तर आहेच." बाईंनी मागच्या कोपऱ्यात नजर टाकली. मास्तरांच्या बायकोनं मान वर केली नाही, पण तिची सुई थांबली होती. "पण तेवढंच नाही. एवढं ऐका माझं, मास्तर. मी पाया पडते हवं तर." आणि त्या पायरी उतरून गेल्यासुद्धा.

मास्तरांचा नुसता तिळपापड झाला. माझ्या पोरीचा खेळ बघायला मला परवानगी लागते? कोण लागून गेल्या या? पँटी त्यांनी घडी न घालताच फळीवर फेकल्या. "जाऊ नका ना, एवढं म्हणतायत तर," बायको हळूच म्हणाली. "तूसुद्धा?" असं म्हणून मास्तरांनी मशीन असं काही चालवलं, की धागा दोनदा तुटला.

काहीतरी शिजतंय हे मात्र त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा शनिवारची वाट कोण बघतो? गुरुवारी सरावाच्या वेळेला ते धाग्याची रिळं आणायला जातो असं सांगून उठले आणि मैदानाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे पाण्याची एक सिमेंटची टाकी आहे. तिच्या आड ते उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, गळ्यात टेप, आणि चोरासारखा टाकीआड. पण त्या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

बॅट घेऊन एक मुलगी उभी होती. शर्ट अंगाला चापूनचोपून बसलेला, पाठीवरचा आकडा अख्खा दिसतोय. समोरची उंच मुलगी सूं सूं चेंडू टाकत होती आणि ही मुलगी एकेक चेंडू असा सडकत होती, की लांब उभ्या असलेल्या पोरींची पळता भुई थोडी झाली होती. मास्तरांच्या मनात आलं, वा, काय पोर आहे! कुणाची बरं ही? आणि मग ती वळली.

बारकी होती.

हातात टीमचीच जुनी, आखूड बॅट होती. मुठीला निळ्या कापडाची पट्टी गुंडाळलेली. त्या कापडाचे तुकडे मास्तरांच्या दुकानातल्या चिंध्यांच्या पिशवीत होते. शर्टाच्या बाह्या वर घेऊन टाचल्या होत्या, पाठीमागे कंबरेला चिमटा घेऊन पिना लावल्या होत्या. चिमटा कसा घ्यायचा हे ठाऊक असलेल्या माणसानं लावलेल्या पिना होत्या त्या. आणि एकतीस इंची बॅट बाकाखाली होती, आपल्या देखण्या खोळीत, नाडी बांधून.

मास्तरांना आनंदच झाला आधी. हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यांना बाकी काही उमगायच्या आत, लेक काय मारतेय या खुशीत, ते टाळी वाजवायला टाकीआडून बाहेर आले.

"मास्तर आले!" कुणीतरी ओरडलं.

पुढे जे झालं ते दहा सेकंदांत झालं आणि सगळ्यांना पाठ असल्यासारखं झालं. एकीनं बारकीच्या हातातली आखूड बॅट घेतली आणि पिशव्यांच्या ढिगात खुपसली. दुसरीनं पाठीमागच्या पिना भराभर काढून तोंडात धरल्या. तिसरीनं बाकाखालची खोळ ओढली, नाडी सोडली आणि मोठी बॅट बारकीच्या हातात दिली. बारकीनं स्वतः बाह्या खाली ओढल्या. शर्ट ढगळ झाला, आकडा निम्मा पँटीत गेला. चेंडू टाकणाऱ्या उंच मुलीनं बारकीकडे बघून मान हलवली आणि अगदी हळू, तान्ह्या पोराला टाकावा तसा चेंडू टाकला. बारकीनं सगळं अंग पिळून बॅट फिरवली. चेंडू निघून गेला. पुन्हा एक. पुन्हा एक. तिसऱ्यानंतर तिनं वळून वडिलांकडे बघितलं आणि चुकल्यासारखं हसली.

सगळं मैदान गप्प झालं. मास्तरांना कळेना हे असे गप्प का झाले. मग बाकावरची एक चिमुरडी आधीच तोंडावर हात धरून हसायला लागलेली त्यांना दिसली, आणि त्यांना कळलं. पोरी त्यांच्या विनोदाची वाट बघत होत्या.

लाज म्हणजे काय ते मास्तरांना पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते उगाच नाही म्हणत. "छान," ते कसंबसं म्हणाले. "चालू द्या." कोचबाई त्यांच्याकडे बघत होत्या, त्यांच्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. पण त्यांना मास्तरांची कीव येत होती. मास्तर फिरले आणि रिळं न घेताच दुकानात आले.

बायको काज करत होती. मास्तर तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"पिना तुझ्या आहेत," ते म्हणाले.

"माझ्याच."

"कधीपासून चाललंय हे?"

"दुसऱ्या मॅचपासून. तिच्या मनगटाला सूज आली होती. तुम्हाला दिसली नाही." तिनं धागा दातानं तोडला. "तुम्ही नसलात की ती लहान बॅटनं खेळते. तुम्ही आलात की तुमच्या बॅटनं. बाबांनी एवढ्या हौसेनं घेतलीय, म्हणाली. सगळ्या पोरींना तिनं शपथ घातलीय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात? बॅट बरोबर आहे, ती उभी चुकीची राहते."

मास्तर मशीनवर जाऊन बसले, पण पायडल मारलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे सारखं ते बॅटचं टोक येत होतं. नवाला झुकलं होतं ते. चांगलं दोन सूत झुकलं होतं. ज्या माणसाला कॉलरीतला अर्ध्या सुताचा फरक दाराबाहेरून दिसतो, त्याला ते दिसलं नव्हतं? दिसलं होतं. दिसलं म्हणूनच तर आकडे पळाले. त्या दोन मुलग्यांच्या बापासमोर आपण हरू नये म्हणून. आणि ते सूज आलेलं मनगट घेऊन पोर दर मॅचला उभी राहिली, आणि आपण कुंपणावरून लोकांना हसवत होतो. मास्तरांनी तोंडावर टेपसकट दोन्ही हात घेतले आणि तसेच बसून राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बारकीला सगळं सांगायचं ठरवलं. "बारके, इकडे ये," म्हणून हाकही मारली. ती आली, समोर उभी राहिली. आणि मास्तरांची जीभच उचलेना. चुकलं हा शब्द त्यांनी कधी कुणाला म्हटलाच नव्हता. तो कुठून सुरू करायचा हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "उद्या मला घाईची शिलाई आहे. निवडीला यायला नाही जमायचं."

बारकीचा चेहरा उजळला. अगदी लख्ख उजळला. पुढच्याच क्षणी तिनं तो आवरला, पाडला आणि म्हणाली, "असं काय हो, बाबा!" पण मास्तरांचा डोळा तो. त्यांना दिसायचं ते दिसलं होतं. आपण येणार नाही याचा आपल्या लेकीला आनंद होतो, हे कळल्यावर बापानं काय करायचं असतं? मास्तरांनी बॅट खोळीत घातली आणि तिच्या नाडीला शिंपी मारतात तशी दुहेरी गाठ मारून दिली. हातांना काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

शनिवारी त्यांनी कोचबाईंच्या पँटी करायला घेतल्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा इंचभर आखूड झाला. पुन्हा उसवून नीट करेपर्यंत दुपार झाली. आणि दुपारी पायरीवर धाडधाड पावलं वाजली.

"झाली निवड! बाबा, मी आहे! बारांत आहे!" बारकी धुळीनं माखली होती, शर्ट ढगळ, बाह्या खाली. आईनं तिला पोटाशी धरलं. मास्तर उठले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "चार चेंडू मारले," बारकी धापा टाकत सांगत होती, "एक तर थेट कुंपणाबाहेर. आणि बाबा, सगळे तुमच्याच बॅटनं मारले!"

आईनं मान खाली घातली. मास्तरांनी लेकीच्या खांद्यावरच्या खोळीकडे बघितलं. नाडीला काल मारलेली दुहेरी गाठ होती. तशीच, न सुटलेली.

अकरा वर्षांची पोर, आणि किती सफाईनं खोटं बोलते! कुणी शिकवलं तिला? मास्तरांना कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. बॅट घेऊन."

रविवारी सकाळी खेळाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नसती तर बरं झालं असतं असं मास्तरांना वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली. दुकानदारानं त्यांना ओळखलं. त्यानं टेबलावरचे चेंडू बाजूला सारले.

"काका," मास्तर म्हणाले. आवाज बारीक निघाला म्हणून त्यांनी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. "काका, त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत बोललो. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

दुकानदार ओशाळला. "अहो, असू दे, मास्तर. होतं असं."

"असू दे नाही. ती परीक्षा पुन्हा घ्या. याच बॅटनं. आणि या वेळी तुम्ही मोजा."

"मागच्या वेळी तुम्ही मोजलं होतं," दुकानदार म्हणाला. बोलण्यात खोच नव्हती. "तुम्हीच मोजा."

बारकीनं खोळीतून बॅट काढली आणि हात आडवा केला. मास्तर मोजायला लागले. एक. दोन. प्रत्येक आकड्यानंतर ते श्वास घेत होते. पाचाला तिचं कोपर थरथरलं. आठाला टोक खाली आलं. तिनं दात आवळून ते पुन्हा वर उचललं. मास्तर थांबले.

"मोजा ना, बाबा," ती म्हणाली. कपाळावर घाम आला होता. "धरलीय मी. होतंय मला."

मास्तरांनी तिच्या हातातून बॅट काढून घेतली. "नाही होत, बारके. ही जड आहे तुला. पहिल्या दिवसापासून जड आहे. त्या दिवशी टोक खाली गेलेलं मला दिसलं होतं."

"माहितीय मला," बारकी म्हणाली.

"काय माहितीय?"

"तुम्हाला दिसलं ते. म्हणून तर तुम्ही भरभर मोजलंत ना." ती मनगट चोळत होती. "माझा हात पडायच्या आत तीस व्हावेत म्हणून. सगळ्यांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून."

दोन महिने पोर हे मनात धरून होती. बाबांनी आपल्याला सांभाळून घेतलं, आता आपण त्यांना सांभाळायचं. दुकानदार पाठ करून उगाचच काच पुसायला लागला. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. पोरीनं बापाला अगदी आयती सुटका देऊ केली होती. मास्तर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. गळ्यातली टेप फरशीला टेकली.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाही मोजलं भरभर. माझ्यासाठी मोजलं. माझी फजिती होऊ नये म्हणून."

बारकी त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांना वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे हो, बाबा. तिला तशी सवयच होती.

"हात दुखायचा," ती म्हणाली. "खूप दुखायचा."

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्ही हसायचात."

मास्तरांनी मान हलवली.

दुकानदारानं अठ्ठावीस इंची बॅट आणून तिच्या हातात दिली. तिनं मूठ आवळून बघितली, हात आडवा केला. मास्तरांनी सवयीनं मोजायला तोंड उघडलं.

"थांबा," बारकी म्हणाली. "मी मोजते."

आणि ती मोजायला लागली, सावकाश. मास्तर फरशीवर तसेच बसून, मान खाली घालून, तिसापर्यंतचे आकडे ऐकत राहिले.